संधिवाताचा अंगठा आणि गोल्फ क्लबची ग्रिप : पुण्यातल्या एका री-ग्रिपिंग सेवेविषयी

अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्या गोल्फ खेळाडूने नवे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, विकत घेण्याआधी आपल्या जुन्या क्लबांच्या ग्रिप, म्हणजे मुठीवरची आवरणे, बदलून पाहावीत, असे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे. मी ज्या सेवेविषयी लिहीत आहे ती पुण्याच्या लष्कर भागातल्या एका छोट्या दुकानात मिळते. तेथे एकच गृहस्थ काम करतात, पाटी लहान आहे, आणि नाव कुठेही छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ते मी देत नाही. मात्र त्यांची काम करण्याची पद्धत सविस्तर सांगते, म्हणजे वाचकांना आपल्या जवळच्या दुकानात नेमके काय मागायचे आणि काय तपासायचे हे कळेल.

हाताचा संधिवात एकाच प्रकारचा नसतो आणि ग्रिपची निवड त्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून आधी थोडे दुखण्याविषयी. मला आहे तो ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातली कूर्चा झिजल्यामुळे होणारा संधिवात, आणि तो दोन्ही अंगठ्यांच्या मुळाच्या सांध्यात आहे. पन्नाशीनंतर स्त्रियांमध्ये हे दुखणे पुरुषांपेक्षा जास्त आढळते. कुकरचे झाकण फिरवताना, किल्ली वळवताना किंवा बरणी उघडताना मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बुडाशी जी कळ येते ती याच सांध्याची असते. त्यामागचे यंत्रशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत 1 किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे 12 किलोंचा दाब येतो. गोल्फमध्ये हा अंगठा नुसता चिमटीत नसतो, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा अंगठा शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, लांब पसरलेला असतो आणि बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे उचलण्याच्या, टोकाला क्लबचे वजन काही क्षण त्याच्यावरच टेकते. त्यानंतर चेंडू आणि जमीन यांच्याशी होणाऱ्या आघाताचा हादरा शाफ्टमधून थेट त्याच सांध्याकडे येतो.

ग्रिप बारीक असली की बोटे जास्त वळतात, मूठ जास्त आवळावी लागते आणि क्लब हातात फिरू नये म्हणून अंगठा नकळत खाली दाब देत राहतो. ग्रिप जाड झाली की तीच पकड बोटांना कमी वळवून आणि कमी जोरात साधते. साधारण दीड मिलिमीटरच्या फरकाने एवढे काही होईल यावर हातात क्लब घेईपर्यंत विश्वास बसत नाही, पण दुखऱ्या सांध्याला हा फरक लगेच कळतो.

येथे मला एक तक्रार मनापासून नोंदवावीशी वाटते. बाजारात 'लेडीज सेट' म्हणून जे संच विकले जातात, त्यांच्या ग्रिप बहुतेक वेळा सर्वांत बारीक मापाच्या असतात. स्त्रियांचे हात लहान असतात, एवढाच विचार त्यामागे असतो. परिणामी ज्या वर्गाला अंगठ्याचा संधिवात अधिक होतो, त्याच वर्गाच्या हातात सर्वांत बारीक ग्रिप दिली जाते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानात मी हाताचे दुखणे स्पष्ट सांगून जाड ग्रिपची चौकशी केली, तेव्हा तेथील विक्रेत्याने माझा हात न पाहताच 'मॅडम, तुमच्यासाठी हीच बरोबर' असे सांगून हलक्या ग्रॅफाइट शाफ्टचा नवा संच समोर ठेवला होता. ग्रॅफाइट शाफ्ट उपयोगी असतात याबद्दल दुमत नाही. ते पोलादी शाफ्टपेक्षा बरेच हलके असतात आणि हादराही कमी पोचवतात. परंतु त्या शाफ्टच्या टोकाला पुन्हा तीच बारीक ग्रिप होती, आणि ती बदलून द्यावी असे दुकानात कोणालाही सुचले नाही.

लष्कर भागातल्या या दुकानात सुरुवातच वेगळी होते. मालक आधी हात मागतात. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ते फूटपट्टीने मोजतात, मग क्लब हातात देऊन डाव्या हाताची पकड बघतात. मधले बोट आणि अनामिका यांची टोके तळहाताच्या अंगठ्याकडच्या उंचवट्याला हलकीच टेकावीत, हा मापाचा नेहमीचा निकष आहे. टोके तळहातात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, मध्ये अंतर राहत असेल तर ती जाड आहे. माझा हात तक्त्यावर स्टँडर्ड मापाच्याही खालच्या टोकाला येतो. तक्ता बाजूला ठेवून ते म्हणाले, "काकू, हे माप निरोगी हाताचं आहे. आता मूठ सैल सोडा आणि क्लब सुटतोय असं वाटेपर्यंत जोर कमी करा." मग त्यांनी स्टँडर्ड, मिडसाइज आणि जम्बो अशा तीन ग्रिप बसवलेले तीन जुने 7 नंबरचे आयर्न (मध्यम पल्ल्याचे, धातूच्या डोक्याचे क्लब) एकामागून एक हातात दिले आणि प्रत्येक वेळी तोच प्रयोग करायला सांगितला. स्टँडर्ड ग्रिप सैल मुठीत फिरत होती. मिडसाइज ग्रिप सैल मुठीतही स्थिर राहत होती. जम्बो ग्रिप अंगठ्याला सर्वांत सुखाची होती, पण माझी बोटे तिच्याभोवती नीट पोचत नव्हती आणि करंगळीवर ताण येत होता. संधिवाताच्या खेळाडूंना सरसकट 'सर्वांत जाड ग्रिप घ्या' असा सल्ला मिळतो. लहान हाताच्या माणसाने तो तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

मापाविषयी थोडे आकडे देते. मिडसाइज ग्रिप स्टँडर्डपेक्षा व्यासाने सुमारे एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असते, आणि जम्बो सुमारे एक अष्टमांश इंच. ग्रिपखाली टेपचा एक जादा थर दिला की व्यास सुमारे एक चौसष्टांश इंचाने वाढतो, म्हणून चार थरांत स्टँडर्ड ग्रिपची जवळजवळ मिडसाइज होते. ज्यांना नेमके मधले माप हवे आहे त्यांच्यासाठी हा टेपचा मार्ग फार सोयीचा आहे. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्रिपचा उतार. नेहमीची ग्रिप वरून खाली निमुळती होत जाते, त्यामुळे खालच्या हाताला बारीक भाग मिळतो आणि तो हात जास्त आवळला जातो. माझ्यासारखे दोन्ही अंगठे दुखत असतील तर वरच्या हातापुरता विचार करून भागत नाही. गोल्फ प्राइडच्या 'प्लस 4' प्रकारच्या ग्रिपमध्ये खालच्या हाताच्या भागाला टेपचे चार जादा थर दिल्याइतकी जाडी ठेवलेली असते, आणि त्याच कंपनीच्या सीपी-2 प्रो या मऊ रबराच्या ग्रिपमध्येही उतार कमी आहे. मी दुसरी निवडली, मिडसाइजमध्ये. विन या कंपनीच्या ड्राय-टॅक या मऊ पॉलिमरच्या ग्रिपही तेथे हाताळायला मिळाल्या. त्यांचा चिकट, गादीसारखा स्पर्श ज्यांना आवडतो त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात. सुती दोरा मिसळलेल्या कॉर्डच्या ग्रिप घामाच्या हातात घट्ट बसतात, पण त्यांचा खरबरीतपणा सुजलेल्या पेरांना सोसवत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात अनेक जण कॉर्ड सुचवतात. संधिवात असेल तर कॉर्डऐवजी पावसाळी ग्लोव्हची जोडी हा अधिक शहाणपणाचा उपाय आहे.

प्रत्यक्ष काम मी समोर बसून पाहिले आणि ते पाहण्याजोगे होते. शाफ्टभोवती रबराचा ठोकळा बसवून क्लब व्हाइसमध्ये (घट्ट आवळणाऱ्या पकडीत) आडवा धरला जातो. आकड्यासारख्या वाकड्या पात्याने जुनी ग्रिप लांबीत चिरून सोलून काढतात. पाते अंगापासून दूर आणि शाफ्टला जवळजवळ समांतर चालवायचे असते, कारण ग्रॅफाइट शाफ्टवर ओरखडा पडला तर तेथून तो पुढे तुटू शकतो. खालची वाळलेली टेप खरडून, टर्पेंटाइनने पुसून शाफ्ट स्वच्छ होईपर्यंत ते पुढे सरकले नाहीत. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप शाफ्टवर एकसारखी गुंडाळली. नव्या ग्रिपच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रात एक लाकडी टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचून ते बंद केले, ग्रिपमध्ये टर्पेंटाइन ओतून हलवले, तेच टेपवर ओतले आणि ओली टेप निसरडी असतानाच ग्रिप एका दमात सरकवली. त्यानंतरचे अर्धे मिनिट सर्वांत महत्त्वाचे असते. क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, सरळ ठेवून ग्रिपवरची खूण बरोबर मध्यावर आणावी लागते, आणि टेप पकडण्याआधी ते साधावे लागते. प्रत्येक क्लब त्यांनी जमिनीवर टेकवून, वरून पाहून तपासला. क्लब त्या दिवशी परत न देता रात्रभर सुकवून दुसऱ्या दिवशी दिले, हेही मला पसंत पडले.

जाड ग्रिपचा एक तोटा आहे आणि तो दुकानदाराने आधीच सांगणे आवश्यक असते. ग्रिपचे वजन वाढले की क्लबचा तोल मुठीकडे सरकतो आणि क्लबचे डोके हाताला हलके लागते. साधारण 4 ते 5 ग्रॅम जादा वजनाला स्विंगवेटचा, म्हणजे क्लब फिरवताना जाणवणाऱ्या तोलाच्या मापाचा, एक अंक कमी होतो. ज्यांना क्लबचे डोके जाणवणे गरजेचे वाटते त्यांच्या फटक्याची वेळ त्यामुळे चुकू शकते. त्यावर डोक्याला शिशाची पट्टी लावता येते किंवा वजनाने हलक्या अशा जाड ग्रिप घेता येतात. येथे मला दोन्ही पर्याय सांगितले गेले आणि आधी पट्टी न लावता खेळून पाहा, असा सल्ला मिळाला. मला पट्टीची गरज भासली नाही.

आता मैदानावरचा अनुभव. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर मी सकाळी खेळते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे किमान तापमान 10 अंशांच्या आसपास उतरते तेव्हा हात अक्षरशः काष्ठवत होतात. जाड ग्रिपने थंडीतला ताठरपणा गेला नाही, तो जाणारही नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी कोमट पाण्यात हात धरणे आणि ऊन अंगावर आल्यावर टी-ऑफ घेणे, म्हणजे खेळाला सुरुवात करणे, हेच उपाय आहेत. मात्र पूर्वी सात-आठ होल झाल्यावर अंगठ्याच्या बुडाशी सुरू होणारी ठणक आता फार उशिरा आणि फार सौम्यपणे येते, आणि घरी आल्यावर चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत नाही. माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल एवढ्यातच आले.

चेंडूच्या दिशेवर मात्र परिणाम झाला. जाड ग्रिपमुळे मनगटांची हालचाल थोडी मंदावते, क्लबचा चेहरा वेळेवर वळत नाही आणि सुरुवातीच्या काळात माझा चेंडू उजवीकडे जात होता. दोन्ही हात ग्रिपवर किंचित उजवीकडे वळवून धरल्यावर तो सरळ होऊ लागला. त्याच वेळी मी इंटरलॉकिंग पकड सोडून दहाही बोटे ग्रिपवर ठेवणारी पकड घेतली, कारण करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकवल्यावर पेरांवर जो पीळ बसतो तो दुखऱ्या बोटांना अनावश्यक आहे. डावा अंगठा शाफ्टवर लांब न पसरता थोडा वर ओढून ठेवला की त्याच्या मुळावरचा ताण आणखी कमी होतो. हे बदल ग्रिपबरोबर केले नाहीत तर जाड ग्रिपचा निम्मा फायदा वाया जातो, असे मला वाटते, आणि दुकानदाराने ग्राहकाला एवढे सांगितले पाहिजे. या दुकानात ते सांगितले जाते.

पटरच्या, म्हणजे चेंडू जमिनीवरून खड्ड्याकडे ढकलण्याच्या क्लबच्या, ग्रिपबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. पटरला जाडीची मोकळीक सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण तेथे मनगट शांत राहणेच हिताचे असते. सुपरस्ट्रोकसारखी जाड, हलकी पटर ग्रिप बसवल्यावर पटिंगमध्ये माझा अंगठा जवळजवळ काहीच करत नाही. ज्यांना पूर्ण संचाचा खर्च नको आहे त्यांनी पटर आणि एक 7 नंबरचा आयर्न एवढ्यापासून आरंभ करावा. ग्रिपच्या दर्जानुसार एका क्लबला साधारण हजार ते दीड हजार रुपये लागतात आणि बसवण्याची मजुरी वेगळी असते. नव्या संचाच्या किमतीशी तुलना केली तर ही रक्कम फारच थोडी आहे.

गोल्फमध्ये स्विंगइतकाच त्रास चिमटीच्या बारीक कामांनी होतो, आणि त्याकडे दुकानांचे लक्ष जात नाही. उन्हाळ्यात टणक झालेल्या जमिनीत टी खोचणे ही अंगठ्यासाठी शिक्षाच असते. मी चेंडू तळहातात धरून, टी बोटांच्या मध्ये ठेवून, चेंडूनेच ती खाली दाबते, म्हणजे जोर चिमटीचा न राहता तळहाताचा होतो. कॅडी सोबत असेल तर ते काम आपुलकीने करून देतात, आणि त्यांना हाताचे दुखणे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. पटरच्या मुठीच्या टोकाला बसणारी रबराची छोटी वाटी चेंडू कपातून (जमिनीतल्या खड्ड्यातून) उचलते. ती याच दुकानात अत्यल्प किमतीत मिळाली. हाताच्या शल्यविशारदाने रचना केलेले, आत ठिकठिकाणी गादी असलेले बायोनिक कंपनीचे ग्लोव्हही येथे मागवून मिळतात. मी ते दोन्ही हातांत घालते. मऊ, कमी कॉम्प्रेशनच्या चेंडूंचा फायदा मला चिपिंगमध्ये, म्हणजे जवळून मारायच्या छोट्या फटक्यांत, थोडा जाणवला, इतरत्र फारसा नाही. ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सिमेंटवर अंथरलेल्या पातळ मॅटवरून आयर्न मारणे मी पूर्ण बंद केले आहे, कारण तेथे चेंडूआधी मॅट लागली तर हादऱ्याला जायला जागाच नसते. गवतावरून मारावे, नाहीतर चेंडू टीवर ठेवून मारावा.

स्पर्धा खेळणाऱ्यांच्या मनात नियमांची शंका येते. जाड ग्रिप नियमांत बसते. पटर सोडून इतर क्लबांची ग्रिप आडव्या छेदात गोल असावी, बोटांच्या आकाराला साचेबद्ध केलेली नसावी आणि तिचा व्यास 1.75 इंचांपेक्षा जास्त नसावा, अशा अटी आहेत. तेव्हा बोटांच्या खाचा असलेली जी ग्रिप कधी कधी संधिवातावरचा उपाय म्हणून दाखवली जाते, ती सरावापुरतीच समजावी. अंगठ्याला आधार देणारे स्प्लिंट घालून खेळायचे असेल तर नियम 4.3 मध्ये वैद्यकीय कारणासाठी साहित्य वापरण्याची तरतूद आहे. खरे वैद्यकीय कारण असावे आणि त्यातून इतरांपेक्षा अवाजवी फायदा होऊ नये, हे स्पर्धा समिती ठरवते, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन समितीला आधीच विचारावे.

सेवेतल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मिडसाइजमधल्या मऊ ग्रिपचा साठा अपुरा असतो आणि पूर्ण संचासाठी एकाच प्रकारच्या ग्रिप मिळायला वाट पाहावी लागते. दुकान अरुंद आहे, गाडी लावायला जागा नाही, आणि क्लबांची जड बॅग दुखऱ्या हाताने उचलून आत न्यावी लागते. ज्यांचे ग्राहक बहुतांशी साठीच्या पुढचे आहेत, त्यांनी निदान दाराशी येऊन बॅग घ्यावी, ही माझी अपेक्षा मी त्यांना सांगितली आहे. पुढच्या खेपेला ते खरोखरच बाहेर आले. मऊ ग्रिप कडक रबरापेक्षा लवकर झिजते, हे मात्र कोणत्याही दुकानाच्या हातात नाही. ग्रिप गुळगुळीत होऊ लागली की मूठ पुन्हा आवळली जाते, म्हणून नियमित खेळणाऱ्याने ती वर्षाकाठी बदलावी आणि मधल्या काळात कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. पुण्यात गाडीच्या डिकीत एप्रिल-मे महिन्यांत क्लब ठेवू नयेत, उष्णतेने रबर आणि टेप दोन्ही खराब होतात.

ज्यांचा संधिवात वेगळ्या जातीचा आहे, त्यांच्यासाठी माझी निवड लागू पडेलच असे नाही. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाकडचे सांधे सुजत आणि गरम लागत असतील, तर तो आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. त्यासाठी ग्रिपच्या दुकानाआधी संधिवाततज्ज्ञाकडे जावे, कारण तेथे वेळेवर सुरू केलेले औषध सांधे वाचवते. अमेरिकी गोल्फपटू फिल मिकलसन यांना 2010 मध्ये सोरायटिक आर्थ्रायटिसचे, म्हणजे सोरायसिस या त्वचारोगाशी निगडित संधिवाताचे, निदान झाले आणि उपचार घेत त्यांनी 2013 मध्ये ओपन व 2021 मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धा जिंकल्या. अशा प्रकारच्या दुखण्यात बोटे पूर्ण मिटत नसतील, तर माझ्यासाठी अयोग्य ठरलेली जम्बो ग्रिपच योग्य ठरेल. या दुकानात तिन्ही मापांचे क्लब हातात घेऊन पाहता येतात. जाताना आपला नेहमीचा ग्लोव्ह सोबत न्यावा आणि शक्यतो सकाळी, सांधे ताठ असतानाच जावे, कारण तेव्हा केलेली निवड दुखऱ्या दिवशीही टिकते.